ठिबकची गळती: घरच्या घरी शोधायची कशी, थांबवायची कशी

यवतमाळ शहराला पाणी पुरवणारी निळोणा आणि चापडोह ही दोन धरणं. २०१८ च्या उन्हाळ्यात दोन्हींनी तळ गाठला आणि शहराने टँकरची वाट पाहत दिवस काढले. बेंबळा प्रकल्पाचं पाणी अमृत अभियानातून शहरापर्यंत आणण्याचं काम हाती घेतलं गेलं ते याच गरजेपोटी. अशा गावात अंगणातल्या लिंबाला, कढीपत्त्याला, वांगी-मिरचीच्या वाफ्याला आणि सांबाराच्या दोन ओळींना पाइप धरून पाणी देणं परवडत नाही. म्हणून घरोघरी टाकीला जोडलेलं छोटं ठिबक दिसू लागलं आहे. वावरातल्या पऱ्हाटीवर चालतं तेच तंत्र, तेच भाग, फक्त मांडणी लहान.

पण ठिबक बसवलं म्हणजे पाणी वाचलं, हे अर्धंच खरं आहे. गळकं ठिबक पाणी वाया घालवतं आणि झाडंही तहानलेली ठेवतं, कारण गळतीच्या पुढच्या ड्रिपरना पुरेसा दाब उरत नाही. एका कोपऱ्यात चिखल आणि दुसऱ्या कोपऱ्यात सुकलेली रोपं असं चित्र दिसलं की दोष बहुधा गळतीचा असतो. ही दुरुस्ती घरातल्या कुणालाही जमते. तिला मिस्त्री लागत नाही. लागते ती एक सवय: भोक बुजवण्याआधी ते का पडलं हे शोधण्याची.

थेंबाचा हिशेब

ठिबकचा जन्मच एका गळतीतून झाला, असं सांगतात. इस्राएलमधले जलतज्ज्ञ सिम्चा ब्लास यांनी गळक्या पाइपाजवळचं एक झाड आजूबाजूच्या झाडांपेक्षा जोमदार वाढलेलं पाहिलं आणि त्यातून त्यांना ठिबकची कल्पना सुचली. पुढे १९६५ मध्ये त्यांनी हात्झेरिम किबुत्झबरोबर, म्हणजे तिथल्या एका सामूहिक शेतवस्तीबरोबर, करार केला आणि ती बाजारात आली. मुळाशी पडणाऱ्या थेंबाची ताकद एवढी असेल, तर भलत्या जागी पडणाऱ्या थेंबाचं नुकसानही मोजायला हवं.

साधारण २० थेंबांचं एक मिलिलिटर होतं. जोडातून सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसभरात सव्वाचार लिटर पाणी जातं. ही झाली टाकीजवळच्या, सतत भरलेल्या जोडाची गोष्ट. फाटलेल्या लॅटरलमधून, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीतून, धार लागली असेल, तर तेवढं पाणी पाच-दहा मिनिटांत जातं. म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरवताना धारेला आधी हात घाला, थेंबाला नंतर. मात्र टाकीच्या तोटीजवळचा थेंब याला अपवाद आहे. ठिबक दिवसातून तासभर चालतं, तो थेंब चोवीस तास चालतो.

आधी टाकीवर खूण करा

गळती आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवण्याआधी मोजून ठरवा. काळ्या जमिनीत ओल आत उतरते आणि वरून फारसं काही दिसत नाही, त्यामुळे नजर फसते.

टाकीत बाहेरून पाणी येणार नाही याची खात्री करा, पातळीवर खूण करा आणि ठिबक बरोबर एक तास चालवा. मीटरभर व्यासाच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली की जवळपास ८ लिटर पाणी गेलेलं असतं. आता दुसरी बाजू. एका ड्रिपरखाली वाटी ठेवून एक मिनिट पाणी धरा आणि औषधाच्या मापाने मोजा. ३३ मिलिलिटर भरलं तर तो ड्रिपर तासाला २ लिटर देतो, ६७ भरलं तर ४ लिटर. टाकीजवळचा, मधला आणि टोकाचा असे तीन-चार ड्रिपर मोजून सरासरी काढा आणि एकूण ड्रिपरच्या संख्येने गुणा.

समजा, २ लिटरचे ४० ड्रिपर आहेत. तासाला ८० लिटर जायला हवेत, म्हणजे टाकी दहा सेंटिमीटर उतरायला हवी. चौदा उतरली असेल, तर तीसेक लिटर पाणी भलतीकडे गेलं. एवढा फरक दिसला की मगच गुडघ्यावर बसून शोधायला लागा.

पाण्याच्या वाटेने चाला

शोध नेहमी टाकीपासून टोकाकडे घ्यायचा. तोटी, फिल्टर, मुख्य पाइप, तिथून निघणाऱ्या लॅटरल, त्यांवरचे ड्रिपर आणि शेवटची एंड कॅप. ठिबक सुरू करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे सगळ्या नळ्या भरतील. मग प्रत्येक जोडाभोवती कोरडी बोटं फिरवा. लॅटरल हातात उचलून तिच्या खालच्या बाजूलाही बघा. फाट खालून असली की पाणी थेट मातीत जातं आणि वर काहीच कळत नाही. बारीक भोकाचा फुसफुस आवाज येतो, तो सकाळच्या शांततेत चटकन ऐकू येतो.

पाणी नसतानाही खुणा सापडतात. ड्रिपर नसलेल्या जागी गवताचा झुबका, जोडावर हिरवं शेवाळ, पाइपाभोवती वाळलेल्या क्षारांचं पांढरं कडं, यांपैकी काही दिसलं तर तिथे बऱ्याच दिवसांपासून गळतं आहे असं समजा.

दोन गोष्टी मात्र गळती नसतात. ठिबक बंद केल्यावर सखल भागातल्या ड्रिपरमधून बराच वेळ पाणी येत राहतं. ते नळ्यांत साठलेलं पाणी आहे, त्याला गळती समजून काही कापू नका. दुसरं, लॅटरलला उतार असेल तर ड्रिपरचा थेंब खाली न पडता नळीवरूनच ओघळत जातो आणि हातभर पुढे पडतो. अशा वेळी ड्रिपरच्या उताराकडच्या बाजूला, अगदी जवळ, नळीला सुतळीची एक गाठ मारावी. थेंब गाठीशी अडतो आणि झाडापाशी पडतो.

फाटलेली किंवा कापलेली लॅटरल

घरच्या बागेत सगळ्यात जास्त गळती इथेच होते, आणि बहुतेक वेळा निंदताना खुरपं लागल्यामुळे होते. दुरुस्ती सोपी आहे, पण ती नीट करायची तर घाई करू नये.

पाणी बंद करा आणि टोकाची कॅप काढून नळी रिकामी होऊ द्या. फाटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून धारदार ब्लेडने किंवा झाडं छाटायच्या कात्रीने सरळ काटकोनात कापा. तिरका काप असला की जॉइनर, म्हणजे दोन टोकं जोडणारा तुकडा, एका बाजूने उघडा राहतो. करवत वापरू नका, तिचा प्लॅस्टिकचा चुरा पुढे जाऊन ड्रिपरमध्ये अडकतो. फाट लहान असेल तर दोन टोकं एका जॉइनरवर येतात. मोठी असेल तर मध्ये नव्या लॅटरलचा तुकडा आणि दोन जॉइनर लागतील. नळी ताणून एकाच जॉइनरमध्ये भागवू नका, ती थंडीत आक्रसून निसटते.

टोक कडक वाटलं तर ते अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवा, मग जॉइनर सहज आत जातो. तेल किंवा ग्रीस लावू नये. त्याने बसवायला सोपं जातं हे खरं, पण जॉइनर दाबाखाली तेवढ्याच सोपेपणाने बाहेर येतो. जॉइनरच्या मधल्या कड्यापर्यंत दोन्ही बाजूंनी नळी पोहोचली पाहिजे.

जॉइनर विकत आणताना जुन्या नळीचा तुकडा सोबत न्या. १२, १६ आणि २० मिलिमीटर अशी मापं सर्रास मिळतात, पण १६ च्या दोन नळ्यांची जाडी वेगळी असली की आतला व्यास बदलतो आणि जॉइनर एकीत घट्ट, दुसरीत सैल बसतो. पातळ नळीसाठी चाकी फिरवून आवळायचा लॉक जॉइनर घ्या. साधा खाचांचा जॉइनर तिच्यात पकड घेत नाही.

इनलाइन लॅटरल, म्हणजे ड्रिपर नळीच्या आतच बसवलेले असतात ती, कापताना आणखी एक काळजी. आतला ड्रिपर कुठे आहे ते बोटाने चाचपा आणि दोन ड्रिपरच्या मधोमध कापा. ड्रिपरवर कापलं तर जॉइनर आत जाणारच नाही.

जोड झाल्यावर कॅप लगेच लावू नका. टोक उघडं ठेवून पाणी सोडा, गढूळ पाणी निघून स्वच्छ धार आली की मग कॅप लावा. ही दोन मिनिटं वाचवली की दुरुस्तीत आत गेलेली माती चार ड्रिपर बंद पाडते.

चिकटवण्याच्या नादी लागू नका

लॅटरलला भोक पडलं की घरात असेल ते लावून पाहण्याकडे आपला कल असतो. एम-सील, फेव्हिक्विक, पीव्हीसीचं सोल्युशन, इन्शुलेशन टेप, सायकलच्या ट्यूबची पट्टी. यांतलं काहीही लॅटरलवर टिकत नाही, आणि त्याचं कारण त्या नळीच्या जातीत आहे. लॅटरल पॉलिथिलीनची असते. या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मेणचट असतो, त्याला साधा गोंद धरत नाही. पीव्हीसीचं सोल्युशन पीव्हीसीला विरघळवून दोन पृष्ठभाग एकजीव करतं, पण पॉलिथिलीन त्यात विरघळतच नाही. ट्यूबची पट्टी घट्ट आवळली तर आठवडाभर साथ देते. लग्नघाईत किंवा दुकान बंद असताना तेवढा आधार चालेल, पण तो कायमचा समजू नये. मेणबत्तीने किंवा तापल्या उलथन्याने नळी वितळवून भोक बुजवण्याचा प्रकारही टाळा. तिथली भिंत पातळ होते आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याच बाजूला फाटते.

पॉलिथिलीनला इलाज एकच, यांत्रिक पकड. म्हणजे जॉइनर, किंवा बारीक भोक असेल तर दाबून बसवायचा प्लग.

ड्रिपरच्या मुळाशी गळती

वरून बसवलेला ड्रिपर हलवून पाहा. तो सैल असेल आणि त्याच्या मुळाशी पाणी येत असेल, तर भोक मोठं झालं आहे. बहुतेकदा भोक पंचऐवजी खिळ्याने किंवा तापवलेल्या सुईने पाडलेलं असतं, त्याची कड फाटकी राहते. ड्रिपर पुन्हा पुन्हा काढून घातला तरीही हेच होतं. तोच ड्रिपर जोर लावून परत त्याच भोकात बसवू नका. जुनं भोक प्लगने बुजवा, चार-पाच सेंटिमीटर सरकून ड्रिपरच्या मापाच्या पंचने नवं भोक पाडा आणि ड्रिपर तिथे बसवा. पंच नळीला सरळ धरा. तो आरपार जाऊन खालची भिंत भोसकणार नाही, याकडे लक्ष द्या.

ड्रिपरच्या टोपणाखालून चहूबाजूंनी पाणी येत असेल, तर आतली रबरी चकती गेलेली किंवा टोपण तडकलेलं असतं. असा ड्रिपर बदलावा. त्याची किंमत काही रुपये आहे, दुरुस्तीत वेळ घालवण्यासारखी वस्तू ती नव्हे.

आटे, ग्रोमेट, एंड कॅप

तोटी आणि फिल्टरच्या आट्यांतून गळत असेल तर जोड पूर्ण उघडा, जुनी टेप खरवडून काढा, आटे कोरडे करा. टेफ्लॉन टेप बाहेरच्या आट्यांवर, आवळण्याच्या दिशेने, ताणून सहा-आठ वेढे गुंडाळा. उलटी गुंडाळलेली टेप आवळताना सुटत जाते. प्लॅस्टिकचे आटे पान्याने फार आवळले तर चिरतात, म्हणून हाताने घट्ट करून पान्याची अर्धी फेरी पुरे. फिल्टरच्या झाकणातून पाणी येत असेल तर आतली रबरी रिंग बघा. ती चपटी किंवा चिरलेली असेल तर बदला, शाबूत असेल तर धुऊन पुन्हा खाचेत बसवा.

पीव्हीसी पाइपातून लॅटरल निघते तिथे भोकात रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, आणि त्यात लॅटरल जोडायचा टेक-ऑफ असतो. ग्रोमेट उन्हाने कडक होऊन चिरतं. नवं बसवताना भोकाची कड कानशीने साफ करा, कारण ड्रिलची खरखरीत कड नवं रबरही कापते. पीव्हीसी पाइपच तडकला असेल तर तेवढा तुकडा कापून कपलर लावा. टोकं कोरडी हवीत, सोल्युशन दोन्हीकडे लावून जोड अर्धा मिनिट दाबून धरा आणि पाणी दुसऱ्या दिवशी सोडा.

एंड कॅपजवळ नळी दुमडलेली असते आणि तीच घडी वर्षभर उन्हात राहून चिरते. तिथे काही लावायचं नाही. चिरलेला भाग कापून टाका आणि नवी घडी घाला.

मुळात गळतं का? ऊन, दाब आणि काळी माती

एकच जोड दोन-तीनदा सुटत असेल तर दोष जोडात नाही. पहिलं कारण ऊन. नवतप्यात काळी नळी किती तापते, हे ती दुपारी हातात घेतली की कळतं. पॉलिथिलीन तापलं की फुगतं, गार झालं की आक्रसतं. २० मीटर लॅटरलच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर तिची लांबी सुमारे १० सेंटिमीटरने बदलते. दुपारी ताणून बसवलेली नळी पहाटे आक्रसून जॉइनरमधून निघते. म्हणून लॅटरल सकाळी अंथरावी, थोडी नागमोडी ठेवावी आणि मध्येमध्ये खुंटीने धरावी. वर पालापाचोळ्याचं आच्छादन टाकलं तर नळीही वाचते आणि ओलही.

दुसरं कारण दाब. १० मीटर उंचीवरून येणारं पाणी चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब देतं. घरावरची टाकी बागेपासून ४ मीटर उंच असेल तर दाब फक्त ०.४ किलो. एवढ्या दाबावर, १ किलोला ताशी ४ लिटर देणारा साधा ड्रिपर अडीच लिटरच्या आसपास देतो, आणि जोडांवर ताण जवळपास येतच नाही. गळती वाढते ती थेट मोटर लावल्यावर. अर्ध्या एचपीच्या मोटरीचा दाब २ किलोवर जाऊ शकतो, त्यात नळी उन्हाने मऊ झालेली असली की जॉइनर उडतात. मोटरच वापरायची असेल तर तिच्या पुढे एक टी टाकून जादा पाणी परत टाकीत जाईल अशी सोय करा आणि तिथल्या व्हॉल्व्हने दाब कमी करा. नळाच्या जोडणीला ठिबक थेट जोडू नये, हे माझं ठाम मत आहे. नळाचा दाब अचानक गेला की बागेतलं, कधी खत मिसळलेलं पाणी पिण्याच्या पाइपात ओढलं जाऊ शकतं. मध्ये टाकी असलीच पाहिजे.

तिसरं कारण जमीन. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आक्रसते. तिच्यात पुरलेला पीव्हीसी पाइप या हालचालीने जोडाशी निसटतो किंवा तडकतो. पुरायचाच असेल तर खाली-वर वाळूचा थर द्या.

खार, उंदीर आणि नळीतलं पाणी

एप्रिल-मे महिन्यांत नळीवर दातांच्या खुणा आणि कुरतडलेली भोकं दिसली तर ती खारीची किंवा उंदराची असतात. बाहेर पाणी उरलेलं नसतं, नळीत असतं, आणि त्यांना ते कळतं. वावरात याच कारणाने रानडुकरंही नळ्या फाडतात. यावर विषाचा मार्ग धरू नये. बागेच्या दोन कोपऱ्यांत, सावलीत, पाण्याची पसरट भांडी ठेवा आणि ती रोज भरा. कुरतडणं यामुळे पूर्ण थांबतंच असं नाही, पण बरंच कमी होतं, आणि त्या उन्हात तहानलेल्या जिवाला पाणी मिळतं हे वेगळंच. उंदरांचा त्रास असेल तर पाचोळ्याचा थर नळीपासून वीतभर दूर ठेवा, त्यांना तिथे लपायला आवडतं.

क्षार बसले की गळती वाढते

बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपरमध्ये पांढरा थर बसतो. वणी, झरी जामणीकडच्या चुनखडीच्या पट्ट्यात हा त्रास नेहमीचा. ड्रिपर बंद पडले की पाण्याला वाट उरत नाही, मोटरवर चालणाऱ्या ठिबकात नळीतला दाब वाढतो आणि सगळ्यात कच्चा जोड सुटतो. म्हणजे गळतीचं मूळ पुष्कळदा तुंबलेल्या ड्रिपरमध्ये असतं. उघडता येणारे ड्रिपर काढून, लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालून त्यात रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. वावरात यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात. घरी त्याची गरज नाही. आणि कुठलंही आम्ल ब्लिचिंग पावडरजवळ नेऊ नका, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

फिल्टरची जाळी आठवड्यातून एकदा धुवावी. साधारण १२० मेशची जाळी घरच्या ठिबकला पुरते.

जवळ काय ठेवावं

एका डब्यात चार जॉइनर, दहा प्लग, दोन एंड कॅप, दोन ग्रोमेट, चार ड्रिपर, दोन मीटर लॅटरल, पंच, ब्लेड आणि टेफ्लॉन टेप. नवी लॅटरल घेताना तिच्यावर आयएस १२७८६ हा छाप आणि ड्रिपरसाठी आयएस १३४८७ हे मानक बघून घ्या. उघड्यावर फार दिवस पडून पांढरट झालेलं बंडल स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, उन्हाने ते आधीच अर्धं मेलेलं असतं.

पावसाळ्यात आणि विजेजवळ

मृगाचा पाऊस स्थिरावला की एंड कॅप उघडून नळ्या रिकाम्या करा, गुंडाळून सावलीत टांगा. जमिनीवर सोडलेली नळी पावसाळ्यात मातीने भरते आणि निंदणात कापली जाते. दिवाळीनंतर अंथरताना आधी सगळी टोकं उघडून धुवा, मग टाकीवर खूण करून तासाभराचा हिशेब घ्या. पुढचा हिशेब मार्चच्या सुरुवातीला, तिसरा मे महिन्यात.

वरची सगळी कामं घरी करा, पण मोटर, स्टार्टर आणि वायरिंगपाशी पाणी गळत असेल तर हात लावू नका. मुख्य स्विच बंद करा, मुलांना लांब ठेवा आणि वीजतंत्री बोलवा.